उंबरठ्यावरचं रक्तपिशाच्च

स्मृतीचा जीव टांगणीला लागला होता. लघुपटस्पर्धेची मुदत आज संध्याकाळी संपत होती आणि शेवटचं दृश्य काही केल्या होत नव्हतं. रक्तपिशाच्चाची जुनी गोष्ट नवी करून तिने थेट देशपांडे नगरात आणली होती. पिशाच्च कुरिअरवाला होऊन छत्रीच्या सावलीत दारात येतं, पण घरच्यांनी ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. घरच्या बाईने फक्त ‘नाही’ म्हणून दार लावायचं. ती बाई होती स्मृतीची विमलाआत्या, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

कॉलेजातला जुना मित्र गुरुप्रसाद पिशाच्चाचे सुळे लावून, छत्री घेऊन दारात उभा राहिला. “अक्का, आत येऊ?”

“ये की रे! ऊटा आतेनो?” आत्याने कानडीत जेवणाची चौकशीसुद्धा करून टाकली.

“कट! आत्या, तो रक्त प्यायला आलाय!”

“असेल ग. म्हणून भर दुपारी पोराला दारातून परतवायचं? आपल्यात अशी रीत नाही बाई.”

दुसऱ्या खेपेला आत्या कशीबशी ‘नाही’ म्हणाली आणि लगेच ताक आणायला धावली. तिसऱ्या खेपेला ‘नाही’ म्हणून पदराआड रडायलाच लागली. स्मृतीने कपाळावर हात मारला.

“कर बाई, तुला हवं ते कर! मी कॅमेरा चालू ठेवते.”

आत्या खुलली. पिशाच्चाला आत बसवून भाकरी आणि भरली वांगी वाढली.

“नोकरी लागली?”

“लागली, अक्का. बँकेत.”

“लग्न?”

“अजून नाही.”

“अय्य, मग अळणावर गावची आमची योगिता बघ की! थांब, तिच्या आईला व्हिडिओ कॉलच लावते.”

पलीकडे चेहरा उमटला. आत्याने फोन गुरुप्रसादसमोर धरला मात्र, तो ताटावरून उठला आणि छत्री न घेताच अनवाणी रणरणत्या उन्हात पळत सुटला.

उन्हात रक्तपिशाच्चाची राख होते, हे कोणाला ठाऊक नाही? स्मृतीने टुणकन उडीच मारली. पिशाच्चाने लग्नापेक्षा मरण पत्करलं होतं! असा शेवट तिला सात जन्मांत सुचला नसता. मुदतीच्या आत लघुपट रवाना झाला.

संध्याकाळी गुरुप्रसाद हळूच चपला न्यायला आला.

“काय रे अभिनय केलास! भीती अगदी खरी वाटली!” स्मृती म्हणाली.

“अभिनय कुठला? खरोखरच पळालो होतो मी.”

तेवढ्यात आतून आत्या हसतमुखाने बाहेर आली.

“आलास? बरं झालं. योगिताच्या आईचा फोन आला होता. मुलगा लाजाळू आहे म्हणाल्या, पसंत आहे. दात थोडे पुढे आहेत, तेवढं चालवून घेतील.”