गेनूआबांची सावड

भातलावणीला येतो, असा शब्द मी गेनूआबांना दिला होता, हे मला त्यांनी भल्या सकाळी येऊन माझं दार बडवलं तेव्हा समजलं. शब्द माझाच होता. फक्त कशाला दिला, ते कळलं नव्हतं.

मी पुण्यात वाढलेला, म्हणजे मराठी आपल्यालाच येते असं मानणारा. तळेगावच्या एका कारखान्यात नोकरी, आणि परंदवडीत आबांच्या शेजारच्या घरी माडीवर भाड्याची खोली. आबा बोलतात ती मराठीच, यात शंका नाही. पण तंबाखूचा बार एका गालात, वाक्याची सुरुवात बहुधा काल झालेली, आणि वेग एक्स्प्रेसवेचा. "मंग गेलतो तितं वरल्या अंगाला" एवढं हाती लागेपर्यंत आबा वरल्या अंगाहून परतलेले असतात. परत सांगा म्हटलं की चिडतात. "पुन्ना पुन्ना बोलाया मी काय टेप हाय?"

शेवटी मात्र "व्हय का न्हाई?" असं स्वच्छ विचारतात. मग मीही ऐटीत "व्हय!" म्हणतो. गावची भाषा आली, या आनंदात.

अशाच एका 'व्हय'मुळे मी त्या दिवशी गुडघाभर चिखलात उभा होतो. सावड म्हणजे काय, ते बांधावर आबांच्या बायकोनं, सखूमावशींनी सांगितलं. आज तुम्ही आमच्या शेतात राबायचं, नंतर आम्ही तुमच्या. आबांच्या सावडीतले एकेक जण जमिनी विकून मोकळे झालेले, दोन्ही मुलगे कंपनीत पाळीवर. रोपं पिवळी पडायला आलेली, आणि मजूर लावायला आबा तयार नाहीत. उरलो मी. मी लावलेली रोपं आबा मागून येऊन उपटायचे आणि पुन्हा लावायचे. तोंडातून शब्द नाही. तेवढं मात्र मला सगळं समजलं.

पुढच्या रविवारी आबा खुरपं घेऊन माझ्या दारात. "काम दावा."

"आबा, मला कुठं शेत आहे?"

"मंग तुमचा दिस आमी फुकाट खायाचा?"

गॅलरीत माझ्या दोन-चार कुंड्या. त्यांवर आबांनी अख्खा दिवस काढला. खुरपत होते आणि बोलत होते. मी समोर बसून 'व्हय' पुरवत होतो. दुपारी एकदा खुरपं थांबलं. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले, हळू आवाजात नेहमीचं विचारलं. मी "व्हय" म्हटलं. त्यांनी मान डोलावली, आणि खुरपं पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी मावशी त्यांना बोलवायला आल्या. आबा हातपाय धुवायला खाली गेल्यावर मी विचारलं, "मावशी, आबा दिवसभर काय सांगत होते हो?"

"दुसरं काय? थोरला म्हनतो वावर इकू, ह्ये म्हनत्यात इकायचं न्हाई. आमास्नी पाठ झालंया. ह्येंनी त्वांड उघडलं की पोरं गाडीला किक मारत्यात."

"मावशी, मला त्यातलं काहीच कळलं नाही. त्यांना सांगून टाकू का?"

"त्यास्नी ठावं हाय की!" मावशी पायरी उतरता उतरता म्हणाल्या. "कालच म्हनत व्हते, सायबाला येक अक्षर कळत न्हाई, पर येडं उठून जात न्हाई."