मध्यंतरानंतरची दहा मिनिटं

प्रगती नेहमी माणसाच्या सोयीसाठीच होते. ज्या गुरुवारी सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि माझी बायको गेल्याचं मला कळलं, त्याच गुरुवारी आमच्या थिएटरातल्या चित्रपटाची मुदतही संपली. दोन्हींना एकच रजा पुरली.

पूर्वी चित्रपट पत्र्याच्या डब्यांतून यायचा. डबे जड, रिळं तुटायची, चिकटवून चिकटवून बोटांना वास राहायचा. मी वर ऑपरेटर आणि ही खाली कँटीनमध्ये. मध्यंतराची गर्दी ओसरली की कपबशा विसळायच्या, त्यामुळे मध्यंतरानंतरची दहा मिनिटं हिला कुठल्याच चित्रपटाची मिळत नसत. म्हणून सकाळी पहिल्या खेळाआधी मी तेवढं एकच रीळ हिच्यासाठी लावायचो. रिकाम्या हॉलमध्ये ही एकटी, ओले हात पुसत बसलेली.

"दिसतंय का?" मी वरून ओरडायचो.

"दिसतंय. पण ऐकू तुमचंच येतंय!"

ही पद्धत अर्थातच नियमबाह्य, मागासलेली आणि विजेची नासाडी करणारी होती.

आता चित्रपट आकाशातून येतो. त्याला कुलूप असतं, चावी म्हणून कंपनी आकड्यांची एक ओळ पाठवते आणि ती ठरल्या वेळीच लागते. यंत्र आपणहून सुरू होतं, आपणहून मध्यंतर करतं, हॉलमधले दिवेही तेच लावतं. (प्रेक्षक मात्र अजून बाहेरून आणावे लागतात. त्यावर काम चालू आहे.) यंत्राला धूळ सोसत नाही म्हणून पडदा दिसायची ती माझी खिडकी बुजवली आणि मला देखरेख सहायक केलं. पडद्याऐवजी हिरवा दिवा बघायचा. दिवा हिरवा असला की चित्रपट चांगला आहे. खेळ चालू असताना दिवा सोडून हॉलमध्ये जायला मनाई आहे, कारण तो लाल झाला तर कंपनीला कळवायला कुणीतरी हवं. कंपनीला ते आधीच कळलेलं असतं.

हिच्या शेवटच्या चित्रपटात थोरली जाऊ भांडून, दार आपटून घर सोडते, तिथे मध्यंतर. ही कपबशा विसळून आत डोकावते, तो थोरली स्वयंपाकघरात भाजी चिरत बसलेली!

"अहो, ती परत कशी आली हो? कोण गेलं होतं आणायला?"

"मला काय माहीत? मला दिवा दिसतो."

"मग दिव्याला विचारून सांगा."

दवाखान्यातही तेच. सुई टोचलेला हात उचलून विचारायची, "विचारलंत का?"

विचारलं होतं, तेवढीच दहा मिनिटं सकाळी हिच्यासाठी लावता येतील का म्हणून. मॅनेजर म्हणाले, "दहा मिनिटांना वेगळी चावी लागते बाबा. कंपनीला फोन लाव." कंपनीतल्या मुलीने फार गोड आवाजात कारण विचारलं. तिच्याकडे कारणं ठरलेली होती: तपासणी, जाहिरात, उद्घाटन, न्यायालयाचा आदेश आणि इतर.

"सर, बायकोला 'इतर'मध्ये टाकते हं," ती म्हणाली.

चावी पुढच्या सोमवारी आली. चित्रपट गुरुवारीच यंत्रातून पुसला होता. चावी अजून चालू आहे. सेवा कशी वाटली असं फोनवर विचारलं, तेव्हा मी पाचही तारे दाबले.

मग तोच चित्रपट मोबाइलवर आला. मी लगेच लावला. तिथे तो प्रेक्षकांच्या सोयीसाठी आटोपशीर केला आहे. मध्यंतरानंतरची दहा मिनिटं शंभरातले चौऱ्याण्णव लोक खाण्याच्या रांगेत किंवा फोनमध्ये असतात, असं पाहणीत आढळल्यामुळे नेमकी तीच काढली आहेत. दार आपटतं आणि थोरली भाजी चिरते. (उरलेले सहा जण झोपलेले असावेत. एकाचीही तक्रार नाही.)

थिएटरात पाहिलेल्यांना विचारून बघितलं. मॅनेजर म्हणाले, तो भाग फार हृदयस्पर्शी होता. कोणता, ते बघून सांगतो. मेहुणी म्हणाली, "आली ना ती परत? मग झालं तर, भावोजी!" आणि रडायला लागली.

तुम्हीही पाहिला असणार. महिनाभर हाउसफुल्ल होता, तिकिटं तुमच्याच फोनवरून निघाली होती. त्या दहा मिनिटांत तुम्ही आत होतात, पडद्याकडे तोंड करून. मग सांगा, थोरलीला आणायला कोण गेलं होतं?

हिला सांगायचं राहिलं आहे.