चिंतन-वर्तुळ आणि त्रेचाळीस बेडूकमासे

एका जंगलात, बाळांनो, परिवर्तन घडवणाऱ्या प्राण्यांचं एक मंडळ होतं. जंगल नेमकं कुठलं, ते विचारू नका. मी पुष्कळ शोधलं. जितकं वाचत गेलो तितकं ते लांब गेलं.

मंडळात तिघं होती. धवलराव बगळा, दमाजी हत्ती आणि साळूताई साळिंदर. धवलराव तासन्‌तास एका पायावर उभे राहत, म्हणून सगळे त्यांना विचारवंत समजत. दुसरा पाय ते कशासाठी राखून ठेवतात, हे कुणी विचारलं नाही.

एके सकाळी गोदाक्का बेडकी धापा टाकत आली.

"माझं डबकं आटतंय हो! आत त्रेचाळीस लेकरं आहेत. एकालाही अजून पाय फुटले नाहीत. चार दिवसांत नुसता चिखल उरेल. खाली ओढा वाहतोय, मधे एवढीशी माती आहे. तेवढा चर खणून द्या. पाण्याबरोबर लेकरं ओढ्यात जातील."

साळूताई ताडकन उठली. "दाखव कुठं ते. दुपारपर्यंत खणून देते."

"थांबा, साळूताई," धवलराव म्हणाले. "ही तुमची घाई कुठून येते?"

"कुठून म्हणजे? डबकं आटतंय ना!"

"ते बाहेरचं झालं. आतून कुठून येते?"

साळूताईनं स्वतःचं पोट चाचपून बघितलं. ती ओशाळून खाली बसली.

मंडळाचा नियमच होता. आधी वर्तुळ, मग काम. वर्तुळात सगळ्यांनी डोळे मिटून, एकमेकांना खेटून बसायचं. मधे अंतर पडलं की विश्वास तुटतो, असं धवलराव म्हणत.

वर्तुळ डबक्याच्या काठावरच भरलं. दमाजीला गारवा आवडे, म्हणून तो पाण्याला लागून बसला. त्याच्या एका बाजूला ओढ्याकडे जाणारा उतार होता. दुसऱ्या बाजूला साळूताई होती.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपली भावना एकेका पानावर लिहून डिंकानं झाडाला चिकटवली. दमाजीला भूक लागली होती. त्यानं सगळ्यांच्या भावना खाल्ल्या. हत्ती खरोखर चिंतन करतो का, याबद्दल जाणकारांत दुमत आहे. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. आता मला हत्ती असतो का, याचीही खात्री वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सहनिर्मिती होती. सगळ्यांनी मिळून मातीत चराचं चित्र काढलं. फार सुरेख चित्र होतं. काठावर फुलंसुद्धा होती.

"एवढी माती उकरलीत," गोदाक्का म्हणाली, "तेवढ्यात निम्मा चर झाला असता की हो!"

"छान मुद्दा आहे," धवलराव म्हणाले. "पानावर लिहा."

तिसऱ्या दिवशी डबकं परातीएवढं उरलं. लेकरं एकमेकांच्या अंगावर वळवळत होती. धवलराव मान वाकवून एकटक पाण्यात बघत होते.

"अहो धवलराव, माझ्या पोरांकडे काय बघताय?"

"मी निरीक्षण करतोय."

"मग चोच कशाला उघडलीत?"

"आश्चर्यानं," धवलराव म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं.

आता कुठली आई डोळे मिटेल, बाळांनो? गोदाक्कानं एक डोळा उघडाच ठेवला. धवलरावांवर पाळत ठेवायला. आणि त्या डोळ्याला भलतंच काही दिसलं.

साळूताई नियमाप्रमाणे दमाजीला खेटत होती. काटा टोचला की दमाजी वीतभर उताराकडे सरकत होता. अंतर पडलं की साळूताई पुन्हा खेटत होती. तीन दिवस हेच चाललं होतं. दमाजीच्या बुडाखाली, डबक्यापासून उताराच्या वरच्या टोकापर्यंत, चांगला हातभर खोल चर पडला होता. ओढ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा बाकी होता.

चौथ्या दिवशी सकाळी डबक्यात ओंजळीत मावेल एवढंच पाणी होतं. गोदाक्कानं घसा साफ केला.

"धवलराव, मला आतून काहीतरी वाटतंय."

धवलरावांना गहिवरून आलं. "बोला, गोदाक्का. मोकळेपणानं बोला."

"मला दमाजीभाऊ आणि साळूताईंच्यात अंतर वाटतंय हो. विश्वासच नाही राहिला."

"साळूताई, खेटा," धवलराव म्हणाले.

साळूताई खेटली.

"अजून वाटतंय," गोदाक्का म्हणाली. "मनापासून खेटा!"

साळूताई भाबडी होती. तिनं सगळे काटे उभारले आणि मनापासून खेटली.

दमाजीनं असा चीत्कार केला की झाडावरची उरलीसुरली पानं गळाली. तो बसल्या बसल्याच उतारावरून घसरला आणि थेट ओढ्यात जाऊन धप्पकन पडला. त्याच्यामागे लांबलचक चर. चरात डबक्याचं उरलेलं पाणी. पाण्यात शेपट्या हलवत लेकरं. गोदाक्का काठानं उड्या मारत मोजत गेली. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. ती शेवटच्या लेकरामागोमाग ओढ्यात उतरली. वर्तुळाचा निरोप घ्यायचं तिला सुचलंच नाही.

धवलराव बराच वेळ रिकाम्या डबक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी या यशावर चिंतन करायला वर्तुळ भरवलं.

"दमाजी, त्या क्षणी तुम्हाला आतून काय वाटलं?"

"आतून काही नाही," दमाजी उभ्या उभ्याच म्हणाला. "जे वाटलं ते मागून."

धवलरावांनी हे वाक्य पानावर लिहून घेतलं. मंडळाची कीर्ती पसरली. शेजारच्या जंगलातही एक डबकं आटत होतं. तिथल्या सशांनी ताबडतोब वर्तुळ भरवलं. एकमेकांना खेटून, डोळे मिटून, ते अजून बसले आहेत. फार मऊ वाटतं, असं म्हणतात.

तात्पर्य: नुसतं बसून परिवर्तन होत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अवश्य बसावं. फक्त बसणारा पुरेसा जड असावा, आणि शेजारी काटे असलेलं कुणीतरी असावं.