पंतांचं वर्णन

आमचे शेजारी भिकाजीपंत रस्त्यात भेटले, की रामराम करायच्या आधी तुमचं वर्णन इंग्रजीत पुटपुटत. माझं ठरलेलं होतं. ‘अ शॉर्ट मॅन विथ अ ब्रोकन टूथ.’ मग रामराम!

पंत रेवदंडा बंदरावर कारकून. समुद्रानं बाहेर टाकलेल्या प्रेतांची वर्णनं साहेबासाठी लिहिणं त्यांच्याकडं होतं. तो कागद बंदरोबंदरी फिरे आणि घरची माणसं ओळख पटवायला येत. आता असा माणूस जिवंतांकडं टक लावून बघायला लागला, तर काय वाटेल सांगा! पंतांनी न्याहाळलेला माणूस भरतीबरोबर परत येतो, अशी गावात बोलवा होती. हिरा कोळीण तर पंत दिसताच पोराच्या तोंडावर पदर टाकी.

"माझे पोराकडं नको बघू रं बाबा!"

पंत पदराखालचे पाय बघत. "डाव्या पायाला सहावं बोट. वा, छान!"

बाई पोराला उचलून पळत सुटायची.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. एकदा त्यांनी तपासायला दिलेल्या मसुद्यात मी शहाणपणानं ‘हँडसम’ घातलं. पंत उखडले.

"मास्तर, चार दिवस पाण्यात राहिल्यावर कसला हँडसम? व्रण टिकतो, सोन्याचा दात टिकतो. साधं लिहा, दिसतं तेवढंच लिहा!"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या. पंत डोळे दाखवायला मुंबईला निघाले आणि सकाळीच माझ्या अंगणात येऊन ताठ उभे राहिले.

"मास्तर, माझं वर्णन लिहा."

मला हसू आलं. पंत हसले नाहीत.

"माझा धाकटा भाऊ समुद्रात पडावासकट बुडाला. त्याच पावसाळ्यात दक्षिणेकडून एक कागद आला. ‘अ मॅन.’ बस्स, एवढंच! आमचा होता की दुसऱ्या कुणाचा, कोण सांगणार? आईनं मरेपर्यंत दाराला कडी लावू दिली नाही."

मी कागद घेतला आणि त्यांच्याकडं नीट पाहिलं. इतकी वर्षं शेजार, पण पंतांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. ‘अ थिन मॅन विथ ग्रे आइज,’ मी लिहिलं.

"कानामागं तीळ आहे, बघा," मान वळवून ते म्हणाले. "आई गेल्यापासून कुणी पाहिलेला नाही." मग हळूच, "पण हे वाचून येणार कोण म्हणा!"

"मी येईन, पंत." मला रडूच फुटलं.

पंतांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"मग खाली पत्ता तुमचाच घाला," ते म्हणाले.