ओल्या मालास मुदतवाढ

स्वयंपाकघरात ओट्यासमोरची एक फरशी सुटली होती आणि तिचा कोपरा तुटून धारदार झाला होता. लेक अकरा महिन्यांची. कशालाही धरून उभी राहू लागलेली. तिचं पहिलं पाऊल नेमकं त्या कोपऱ्यावरच पडणार, याविषयी तिच्या आईला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून आईने इमारतीच्या समितीकडे रीतसर अर्ज केला. आठ दिवसांनी उत्तर आलं: नवी फरशी बसवण्यास हरकत नाही; मात्र फरशीखाली लावायच्या कालवलेल्या सिमेंटच्या मालाची तीन पदाधिकाऱ्यांनी पाहणी करून सह्या केल्याखेरीज तो जमिनीस लावू नये.

मिस्त्री आला. त्याने घमेल्यात बेताबेताने पाणी घालत माल कालवला, दहा मिनिटं मुरू दिला, पुन्हा ढवळला. थापी उलटी केली तरी खाली पडेना.

"ताई, बोलवा साहेबांना. अर्ध्या तासात लावला नाही तर याचा दगड होतो."

सचिव लगेच आले. अध्यक्ष आंघोळीला गेले होते. उपाध्यक्षांना चष्मा सापडत नव्हता. तिघं जमले तेव्हा तास उलटला होता. अध्यक्षांनी मालावर टिचकी मारली. टण्ण!

"वा! मजबूत आहे. मंजूर."

"अहो काका, वाळलाय तो!"

"आता कुणाच्या तरी डोक्यात घालायलाच चालेल," मिस्त्री पुटपुटला.

"कुणाच्या?" सचिवांनी वही उघडत विचारलं. नोंद अपुरी राहून चालत नाही.

पेच मोठा होता. मंजूर झालेला माल लावता येत नव्हता आणि लावता येईल असा माल मंजूर नव्हता. समितीने लेकीच्या आईच्याच दिवाणखान्यात तातडीची बैठक घेतली. दुसरं घमेलं कालवलं गेलं आणि 'सदर मालास वाळण्याकरिता तीन दिवसांची मुदतवाढ देण्यात येत आहे' असं पत्र त्यावर चिकटवण्यात आलं. माल चाळीस मिनिटांत वाळला. पत्र मात्र असं पक्कं बसलं, की मिस्त्रीलाही कौतुक वाटलं. मग मालाला 'कारणे दाखवा' नोटीस द्यायची ठरली आणि ती घ्यायची कुणी, यावर समितीत जुंपली.

लेकीला कडेवर घेऊन आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली.

"मिस्त्री, उरका."

"ताई, पण नियम?"

"हिचं पाऊल नियम वाचून पडणार आहे का?"

मिस्त्रीने जुन्या भांड्यात ओंजळभर माल कालवला, दातेरी थापीने पसरला, नवी फरशी टेकवली आणि रबरी हातोडीने चार ठोके दिले.

"कसला आवाज?" बाहेरून अध्यक्ष.

"बाळ खेळतंय, काका!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक त्या फरशीवरून तीन पावलं चालली आणि स्वतःवरच खूश होऊन बसली.

तिसऱ्या दिवशी समिती आली. फरशी ठणठणीत.

"म्हणजे अर्ज खोटा होता!" सचिव दुखावले. ठराव झाला: पाहणी करता यावी म्हणून सदर फरशी फोडून पूर्ववत करावी. सर्व बिऱ्हाडांची संमती घ्यावी.

कागद जिन्याने फिरला. दुपारपर्यंत तेवीस सह्या. रोज लेकीचा गालगुच्चा घेणाऱ्या शेजारच्या मावशींचीही.

"मावशी, तुम्हीसुद्धा?"

"अगं, वाचलंय कुणी! वर एवढ्या सह्या होत्या. म्हटलं, आपलीच कशाला राहायला हवी?"

आता एकच सही उरली आहे. कागद तुमच्या दाराशी आलाय. सचिवांनी पेनाचं टोपण काढून ठेवलंय, आणि तुम्ही विचारताय, "कुठे करू?"