मुलाखतीपुरती शांतता

माणकबेटावर मोबाइलला रेंज एकाच जागी यायची, आणि ती जागा म्हणजे आश्लेषानं बांधलेल्या तरत्या जेटीचं टोक. त्यामुळे शिष्यवृत्तीची मुलाखत तिथंच बसून द्यायची, हे ठरलेलंच होतं.

आश्लेषा अलिबागची. इंजिनिअर झाल्यावर खाडीतल्या या बेटावर ती एका संस्थेच्या कामासाठी आली आणि रमली. ओहोटीला इथं बोट किनाऱ्याला लागत नसे, मांडीभर चिखल तुडवत यावं लागे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्या सखुबाईच्या सुनेला बाळंतपणासाठी खुर्चीत बसवून त्याच चिखलातून नेलं होतं. ते पाहिल्यावर आश्लेषानं पिंपं आणि बांबू जोडून ही जेटी उभी केली. जेटी भरती-ओहोटीबरोबर वरखाली व्हायची. पण ती तात्पुरती होती, पक्कं काही करायचं तर अजून शिकायला हवं होतं. बेटांवर टिकतील अशा सोयी उभारणाऱ्या इंजिनिअरांना पुढच्या शिक्षणाचा खर्च देणारी एक शिष्यवृत्ती तिला सापडली होती. बेटानं मात्र एवढंच ऐकलं, की ताईची जेटीसाठी मुलाखत आहे.

"आवाज नको हां कुणाचा," आदल्या दिवशी ती सगळ्यांना म्हणाली होती. "त्यांना माझं बोलणं नीट ऐकू आलं पाहिजे."

बेटानं ते फारच मनावर घेतलं. हिरामणनं आपली इंजिनाची बोट पार पलीकडच्या काठाला नेऊन लावली. बायकांनी कोंबडे टोपल्यांखाली झाकले. सगळ्यांनी मोबाइलवरची गाणी बंद केली. जेटीची दोरी खांबाला घासून करकरत होती, म्हणून पोरसवदा रतननं गाठ जरा सैल केली आणि तो कुत्री हाकलायला वर गेला. सखुबाई तेवढी जेटीवर मागं येऊन बसली. "मी बोलनार न्हाय," असं तिनं देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं.

मुलाखत छान सुरू झाली. पडद्यावर समितीचे तिघंजण होते. आश्लेषा खारफुटीबद्दल सांगत होती, गंजाबद्दल सांगत होती. ओहोटी लागली. सैल गाठ सुटली. किनाऱ्याला टेकलेली फळी अलगद पाण्यात पडली आणि जेटी खाडीत निघाली.

सखुबाईनं हे पाहिलं. पण शपथ म्हणजे शपथ. तिनं आश्लेषाची ओढणी ओढली. आश्लेषानं न वळता ती सोडवून घेतली. सखुबाईनं पुन्हा ओढली. आश्लेषानं मागं हात करून तिला थोपटलं. खाडीच्या मधोमध रेंज तर आणखीच सुरेख होती.

शेवटी समितीतल्या बाई चष्मा सारखा करत म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या मागचं गाव लहान होत चाललंय."

आश्लेषानं वळून पाहिलं. तिनं मोबाइल तसाच हातात ठेवून हाका मारल्या, पण काठावर कुणीच नव्हतं. सगळे गुपचूप घरात बसले होते.

"वा!" समितीतले एक गृहस्थ खूश झाले. "म्हणजे गरज पडली तर जेटी सुटी करून नेता येते. हे प्रात्यक्षिक मुद्दाम ठेवलंत ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! आश्लेषाच्या ओठांवर ते आलंही. तिनं मागं पाहिलं. सखुबाई बांबू घट्ट धरून बसली होती.

"नाही सर," ती म्हणाली. "दोरी सुटलीय. एकाच दोरीच्या भरवशावर मी जेटी ठेवायला नको होती. ही माझी चूक आहे."

मग बाईंनी विचारलं, "मागं कोण आहेत? आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

सखुबाईनं आश्लेषाकडं पाहिलं. आश्लेषानं होकारार्थी मान हलवली, तशी शपथ सुटली.

"भ्या कसलं? चिखलात रुतायची सवय हाय आमाला. हितं पाय तरी सुके हायेत. व्हावत चाललोय ते खरं, पन पोरीनं केलंय ते बुडत न्हाय. लई गुनाची हाय ती. असं मानूस शोदून मिलनार न्हाय तुमाला!"

जेटी काठच्या तिवरांच्या झाडीत जाऊन अडकली. कोंबडे सोडायला बाहेर आलेल्या बायकांनी आरडाओरडा केल्यावर बोटीपाशी थांबलेल्या हिरामणला उमगलं आणि त्यानं बोटीतून दोघींना परत आणलं.

पुढच्या महिन्यात निवड झाल्याचं कळलं. बेटावर नारळ फुटला. सखुबाईनं आश्लेषाच्या तोंडात खोबरं कोंबलं.

"मंग, पक्की जेटी कवा व्हनार?"

"अगं आजी, पैसे जेटीचे नाहीत. मला शिकायला पाठवतायत. दोन वर्षं. परदेशात."

सखुबाईचा हात खाली आला. हिरामणनं खोबरं चावायचं थांबवलं.

"म्हंजे तुला हितनं न्यायला मी येवडी तारीफ केली?" सखुबाई म्हणाली. "लाव त्यांना फोन. सांग, म्हातारी खोटं बोलली."

आश्लेषाला हसू आलं नाही. ती सखुबाईच्या शेजारी बसली. "आजी, मी परत येणार आहे."

"मुंबैला ग्येलेला माजा ल्योक पन तेच बोलतो."

आश्लेषानं तिचा हात हातात घेतला. मग सखुबाईनं विचारलं, "कवा जायाचं हाय?"

"गणपती झाल्यावर."

सखुबाईनं डोळे पुसले आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मंग बसलीस काय? ऊठ. तवर जेटीचं तुला जे येतंय ते तरी आमाला शिकव."