अंजिराच्या तीनशे काड्या उपटिल्याची बखर

अंजीर सरकारांनी मारिला. वाऱ्याने नव्हे, किडीने नव्हे, रयतेच्या पापानेही नव्हे. एकदा हातात कुऱ्हाड घेऊन मारिला आणि मग तीनशे वेळां कौतुक करकरोन मारिला. हे आधीच लिहून ठेविले, म्हणजे पुढे कोणी गुळमुळीत अर्थ काढू नये. आता गजाननास नमन, भूमातेस नमन, आणि कुंडीतल्या ओल्या वाळूस त्याहून एक नमन अधिक, कारण ती काम करिते आणि कोणास दाखवीत नाही.

शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरे, पौष मासी, एके राज्यी, ज्याचे नाव लिहिले असता लिहिणाराचे बोट जाईल, महालामागील विहिरीच्या काठी अंजिराचे एक जुने झाड होते. फळ वरून जांभळे, आत लाल, आणि गोडी ऐसी की माशी बसली तर उठावयाचे विसरे. तैसे दुसरे झाड मुलुखात नाही. ते भागूबाई माळीण हिच्या सासूने लाविले आणि भागूबाईने तीस वर्षे त्यास त्याच विहिरीचे पाणी घातले. ऐसे असता सरकारांची स्वारी हत्तीवरोन त्या वाटे निघाली आणि एका फांदीने सरकारांची पगडी अलगद उचलोन घेतली. पगडी फांदीवर, तुरा वाऱ्यावर, आणि सरकार बोडके. विहिरीवर बायका पाणी भरीत होत्या, त्यांतली एक खुदकन हसली. झाले. सरकारांनी हुकूम फर्माविला आणि दोन दिवसांत झाड खोडासहित, मुळासहित खणोन काढिले. मग चौथे दिवशी सरकार पंगतीस बसले आणि पुसते झाले, "आज पानात अंजीर का नाही?" आचारी कढीत पाहू लागला, दिवाणजी छत पाहू लागले. शेवटी दिवाणजी बोलिले, "महाराज, झाड जरा विश्रांतीस गेले आहे." सरकार बोलिले, "मग बोलवा त्यास."

तेव्हां दिवाणजींनी भागूबाईस बोलाविले. बाई बोलली, "तोडलेल्या फांद्या सावलीत पडल्यात, अजून ओल्या आहेत. बोटाएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या करा. चीक पुसा, एक दिवस वाळू द्या, मग दोन डोळे वाळूत नि दोन डोळे वर. बाहेर ठेवू नका, पौषाचे वारे खाऊन टाकील. घरात, चुलीच्या उबेला ठेवा, वर मडके उपडे घाला. आणि दिवाणजी, चाळीस दिवस कोणी हात लावायचा नाही." कारकून सर्व लिहून घेत होता, परंतु शेवटल्या वाक्यास त्याची शाई संपली. सरकारांच्या महालात बावीस दालने, सारी उबदार, परंतु तेथे वाळू सांडेल आणि गालिचे मळतील, म्हणोन ठरले की रयतेच्या तीनशे घरी एकेक काडी द्यावी. आणि रयत आळशी, तिजवर भरवसा कैसा ठेवावा, म्हणोन धोंडोपंत तपासनीस यांस नेमिले की दर आठवे दिवशी घरोघर जावे, मूळ किती बोटे वाढले ते रेशमी दोरीने मोजावे आणि हुजुरात कळवावे.

आता मूळ वाळूत. ते मोजावे कैसे? धोंडोपंतांस एकच रीत ठाऊक. काडी उपटावी, पाहावी, पुन्हा खुपसावी.

तिसऱ्या आठवड्यात भागूबाईची शेजारीण सगुणाबाई इजकडील काडीस पान फुटले. धोंडोपंत हरखले आणि लिहिले की मुळे जोमात आहेत, आणि महालावर तोफा जाहल्या. भागूबाई बोलली, "पंत, पानावर जाऊ नका. काडीच्या अंगात जुना रस असतो, त्यावर पान येते. उसने दागिने घालून लग्नात मिरवावे, तसे आहे ते. मूळ मागाहून येते."

"मागाहून म्हणजे कधी? हुजुरास तारीख लागते."

"तुम्ही उपटायचे थांबाल तेव्हां! खुडूक कोंबडी दर आठ दिवसांनी उचलून अंडे फोडून पाहिलेत तर पिल्लू कधी निघेल, सांगा की."

"बाई, मी कोंबड्यांकडे नाही. मी मुळांकडे आहे," ऐसे बोलोन धोंडोपंतांनी सगुणाबाईची काडी उपटली. बुडाशी मोहरीएवढे पांढरे फोड आले होते, ते बोटाने चाचपोन पाहिले, ते गळोन पडले, आणि वहीत 'प्रगती आहे' ऐसे लिहिले. शून्य लिहावयाची त्यांस मुभा नव्हती. मागील खेपेपेक्षा चार बोटे अधिक लिहावी, ऐसा दस्तुर. ऐशा सहा तपासण्या जाहल्या, वहीत मूळ हातभर जाहले आणि घरोघर काडी काळी पडली.

परंतु एक काडी वेगळी होती. झाड तोडिले त्याच दिवशी भागूबाईने ती पदराआड घरी आणिली होती आणि चुलीमागे फुटक्या रांजणाच्या बुडात लाविली होती. ती कोणत्याही यादीत नव्हती, म्हणोन जिवंत राहिली. चाळीस दिवस बाईने तिजकडे नुसते पाहिले, हात लाविला नाही. त्या झाडाचे जगात उरले ते एवढेच.

मग फाल्गुन शुद्ध पंचमीस लावणीचा समारंभ मांडिला. चौघडा वाजला, रयतेने तीनशे कुंड्या आणिल्या आणि तीनशेही कुंड्यांत सरपण निघाले. सरकार लाल जाहले. वही सांगते हातभर मूळ, तेव्हां वही खोटी कैसी म्हणावी? रयतच खोटी. तत्काळ हुकूम जाहला की मुळासकट जिवंत काडी एक तरी हुजुरात येईतो महालामागील विहिरीवर पहारा बसवावा, कोणास घागर भरू देऊ नये. मग बायका कोसभर ओढ्यावर जाऊ लागल्या. सगुणाबाईची सून आठ महिन्यांची गरोदर, तीही डोईवर दोन घागरी घेऊन दगडांतून चढे, आणि तिसरे दिवशी घसरोन पडली. पोटातले बचावले, घागर फुटली. भागूबाईने ते पाहिले, घरी आली आणि रांजणापुढे बसोन बोलली, "तीस वर्षे मी तुला पाणी घातले. आता तू माणसांना पाणी घाल, बाबा." आणि रांजणाचे बूड डोईवर घेऊन महाली गेली.

सरकार पायरीवर आले. काडीस तीन पाने, हिरवीगार. सरकार बोलिले, "पाने मागेही होती. मूळ दाखव."

"महाराज, या फुटक्या चिरेतून पाहा. पांढरे टोक बाहेर डोकावते आहे."

धोंडोपंत बोलिले, "चिरेतून पाहिलेले दफ्तरी चालत नाही."

"हात लावू नका, महाराज! पहिले मूळ शेवईहून नाजूक असते, पाया पडते..."

परंतु पाया पडणारास हात मोकळे नसतात, आणि सरकारांचे दोन्ही मोकळे होते. सरकारांनी काडी धरिली आणि उपटली. कट् ऐसा बारीक आवाज जाहला. चार पांढरी मुळे वाळूत राहिली आणि पाचवे सरकारांच्या अंगठ्यास चिकटले. सरकार हर्षले, बोलिले, "शाबास! मूळ खरेच होते." धोंडोपंतांनी अंगठ्यावरील मूळ दोरीने मोजिले, साडेचार बोटे भरले. इतक्या दिवसांत वहीत प्रथमच खरे लिहिले गेले.

भागूबाई उठली. "आता पहारा उठवा, महाराज."

धोंडोपंतांनी हुकूम काढोन वाचिला. "हुकुमात काडी मुळासकट जिवंत पाहिजे. या काडीस मूळ कोठे आहे?"

"आत्ता तर होते की, मेल्या! तूच मोजलेस!"

"होते ते लिहिले. नाही तेही लिहिले," धोंडोपंत बोलिले आणि वही मिटली. बाईने काडी उचलली, पदराने पुसली, वाळू झाडली आणि कोणाच्या पाया न पडता निघोन गेली. काडीचे वरचे डोळे हिरवे होते. ती पुढे कोठे लाविली, ते आम्हांस ठाऊक आहे आणि येथे लिहिले नाही, कारण ही बखर तपासनीसही वाचतील.

एकूण हकीकत इतकी: झाड एक, काड्या तीनशे एक, तोडणारे आणि उपटणारे सरकारच. विहिरीवर पहारा आजही आहे आणि सगुणाबाईच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. सरकार, तुम्ही मूळ मागितले, ते बाईने दाखविले, तुमच्याच अंगठ्यावर दाखविले. अंगठा धुतला असेल तरी वही आहे. तर पहारा कोणत्या दिवशी उठतो? दिवस लिहून कळवा.